इंग्रजीत वेळ सांगताना: ॲट, ऑन, इन कधी आणि ‘द’ कुठे

नोकरीच्या मुलाखतीत सुरुवातीला काय विचारतात ते आठवा. पदवी कधी मिळाली? सध्याच्या ठिकाणी किती दिवसांपासून आहात? कामावर कधी रुजू व्हाल? तिन्ही प्रश्न वेळेचे. उत्तरं तुम्हाला पक्की ठाऊक असतात, कारण ती तुमच्याच आयुष्यातली असतात. तरीही जीभ अडखळते. ‘इन’ म्हणू की ‘ऑन’, ‘सिन्स’ की ‘फॉर’, मधे ‘द’ येतो की नाही, याच विचारात दोन सेकंद जातात आणि मग पुढचं सगळं वाक्य डळमळतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पुण्याला, नाशिकला, सुरतेला शिकायला किंवा कामाला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी फक्त पेपरापुरती, अशी ज्यांची सवय आहे त्यांना हा विषय अवघड जातो. तो अवघड का जातो हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून मागे येतो: सोमवारी, मे महिन्यात, पाच वाजता. इंग्रजीत तोच सुटा होऊन पुढे उभा राहतो. एवढ्याने कोणी अडत नाही. अडचण होते ती मराठीतल्या एकाच शब्दासाठी इंग्रजीत दोन वेगळे शब्द असतात तिथे. ‘पासून’चे दोन होतात, ‘पर्यंत’चे दोन होतात, ‘पूर्वी’चेही दोन. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या भराभर घेऊ आणि या जोड्यांपाशी निवांत थांबू.

पायरी १: घड्याळ, वार, महिना

घड्याळातली वेळ असेल तर ‘ॲट’. ‘ॲट फाइव्ह’, ‘ॲट हाफ पास्ट टेन’. वार किंवा तारीख असेल तर ‘ऑन’. ‘ऑन मंडे’, ‘ऑन द फिफ्थ ऑफ जुलै’. महिना, वर्ष, ऋतू, दशक, शतक असेल तर ‘इन’. ‘इन मे’, ‘इन १९९८’, ‘इन विंटर’.

आपल्याच भागातल्या गोष्टींवर हे लावून बघा. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले: ‘इन १९०६’. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये भरलं: ‘इन डिसेंबर १९३६’. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला: ‘ऑन १ जुलै १९९८’. शेवटच्या दोन उदाहरणांत महिना आणि वर्ष दोन्हीकडे आहे, फरक फक्त तारखेचा आहे. तारीख आली की ‘इन’ बाजूला होतो आणि ‘ऑन’ येतो. जळगावचं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं म्हणाल तर ‘इन १९९०’. १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं म्हणाल तर ‘ऑन’. वाक्यातला सगळ्यात बारीक तपशील कोणता, त्यावर शब्द ठरतो.

दिवसाचे प्रहर मात्र वेगळे पाठ करावे लागतात. ‘इन द मॉर्निंग’, ‘इन दी आफ्टरनून’, ‘इन दी इव्हनिंग’, पण रात्री म्हणजे ‘ॲट नाइट’. ‘इन द नाइट’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. एखाद्या विशिष्ट रात्रीत काही घडलं तर ते चालतं, पण ‘मी रात्री अभ्यास करतो’ याला ‘आय स्टडी ॲट नाइट’ हेच बरोबर. ‘ॲट नून’, ‘ॲट मिडनाइट’, ‘ॲट डॉन’ हे सगळे त्याच कुळातले, आणि त्यांच्यात ‘द’ नाही.

आता प्रहराला वार जोडा, लगेच ‘ऑन’ येईल आणि ‘इन द’ गळून पडेल. सोमवारी सकाळी म्हणजे ‘ऑन मंडे मॉर्निंग’. ‘ऑन मंडे इन द मॉर्निंग’ म्हटलं तर समजेल, पण ते मराठीतून आलंय हेही कळेल. तारीख जोडली तरी तेच: स्वातंत्र्यलढ्यात नंदुरबारच्या मिरवणुकीत शाळकरी शिरीषकुमार हुतात्मा झाला ती तारीख ९ सप्टेंबर १९४२. त्या दिवशी सकाळी असं सांगायचं तर ‘ऑन द मॉर्निंग ऑफ ९ सप्टेंबर’.

सणांच्या बाबतीत एक बारकावा आहे. सण म्हणजे चार दिवसांचा काळ असं मनात असेल तर ‘ॲट दिवाळी’ किंवा ‘ड्युरिंग दिवाळी’. त्यातला एकच दिवस सांगायचा असेल तर ‘ऑन’. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि दत्तजयंती बहुधा डिसेंबरात येते: ‘द फेअर बिगिन्स ऑन दत्तजयंती, युज्वली इन डिसेंबर’. हे एक वाक्य तोंडात बसवलं तरी ‘ऑन’ आणि ‘इन’ची जागा पक्की होते.

पायरी २: जिथे काहीच लावायचं नाही

‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांच्या पुढे ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ यांतलं काहीही लावत नाहीत. ‘नेक्स्ट मंडे’ एवढंच म्हणायचं, ‘ऑन नेक्स्ट मंडे’ नाही. ‘लास्ट इयर’ म्हणायचं, ‘इन लास्ट इयर’ नाही. ‘एव्हरी मॉर्निंग’ म्हणायचं, ‘इन एव्हरी मॉर्निंग’ नाही. ‘टुडे’, ‘टुमॉरो’, ‘यस्टर्डे’ हेही एकटेच फिरतात.

याच ओघात दोन प्रयोग सोडून द्या. ‘आज सकाळी’चं आपण ‘टुडे मॉर्निंग’ करतो आणि ‘काल रात्री’चं ‘यस्टर्डे नाइट’. इंग्रजीत त्यांना ठरलेली रूपं आहेत: ‘धिस मॉर्निंग’ आणि ‘लास्ट नाइट’. आज संध्याकाळी म्हणजे ‘धिस इव्हनिंग’, आज रात्री म्हणजे ‘टुनाइट’. ‘यस्टर्डे मॉर्निंग’ आणि ‘टुमॉरो मॉर्निंग’ मात्र जसेच्या तसे चालतात.

परवाचा प्रश्न आपल्याला मराठीत पडत नाही, कारण क्रियापदावरून कळतं की गेला की येणारा. इंग्रजीत मात्र दोन वेगळी रूपं: ‘द डे बिफोर यस्टर्डे’ आणि ‘द डे आफ्टर टुमॉरो’. दोन्हीत सुरुवातीचा ‘द’ विसरू नका.

‘नेक्स्ट फ्रायडे’बद्दल एक सल्ला. आज मंगळवार असेल तर ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे याच आठवड्यातला की पुढच्या, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. मराठीत ‘येत्या’ आणि ‘पुढच्या’ असा भेद करता येतो. इंग्रजीत कामाचा निरोप देताना तारीखच घाला: ‘ऑन फ्रायडे, द फोर्टीन्थ’. आणि तारीख आकड्यांत लिहू नका. ५/६ लिहिलं तर आपण पाच जून वाचतो, अमेरिकेतला माणूस सहा मे वाचतो. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

पायरी ३: ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’

मराठीत हे शब्दच नाहीत, त्यामुळे आपण एकतर सगळीकडे गाळतो नाहीतर सगळीकडे पेरतो. वेळेपुरतं बोलायचं तर नियम फारसे नाहीत.

वारांची, महिन्यांची, वर्षांची नावं ही नावंच आहेत. त्यांना ‘द’ लागत नाही. ‘इन मे’ बरोबर, ‘इन द मे’ चूक. पण नावाऐवजी क्रमांक आला की ‘द’ येतो: ‘द फर्स्ट ऑफ मे’, ‘द ट्वेंटिएथ सेंच्युरी’. दशकांनाही ‘द’ लागतो, ‘इन द नाइन्टीज’. लिहिताना आपण ‘१ मे’ एवढंच लिहितो, तरी वाचताना ‘द फर्स्ट ऑफ मे’ असं वाचायचं असतं. ऋतूंना दोन्ही चालतं, ‘इन समर’ किंवा ‘इन द समर’. पावसाळ्याला मात्र ‘इन द मान्सून’.

जेवणाच्या वेळांना ‘द’ लागत नाही. ‘आफ्टर लंच’, ‘बिफोर डिनर’. ‘आफ्टर द लंच’ म्हटलं की एखादी विशिष्ट मेजवानी डोळ्यांपुढे येते.

आता ‘लास्ट वीक’ आणि ‘द लास्ट वीक’. आपल्याला दोन्ही ‘गेला आठवडा’ वाटतात. ‘लास्ट वीक’ म्हणजे हा आठवडा सोडून त्याच्या आधीचा, सोमवार ते रविवार. ‘द लास्ट वीक’ म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस. म्हणून ‘आय वॉज सिक लास्ट वीक’ म्हणजे मागच्या आठवड्यात आजारी होतो, आता बरा आहे. ‘आय हॅव बीन सिक फॉर द लास्ट वीक’ म्हणजे आठवडाभर आजारी आहे आणि अजून बरा नाही. साहेबाला सुट्टीसाठी फोन करताना यातला फरक मोठा आहे. ‘नेक्स्ट इयर’ म्हणजे पुढचं वर्ष. ‘द नेक्स्ट इयर’ म्हणजे गोष्टीत सांगतो तसं ‘त्याच्या पुढच्या वर्षी’.

‘अ’चा एक उपयोग पगाराच्या आणि कामाच्या बोलण्यात रोज लागतो. आठवड्यातून दोनदा म्हणजे ‘ट्वाइस अ वीक’. त्यात ‘इन’ घालायचा नाही. महिन्यातून एकदा ‘वन्स अ मंथ’. तासाला दोनशे रुपये ‘टू हंड्रेड रुपीज ॲन अवर’. इथे ‘अ’ म्हणजे ‘दर’.

वाराला ‘अ’ आणि ‘द’ लावून अर्थ कसा बदलतो तेही बघा. ‘ऑन संडे’ म्हणजे या रविवारी. ‘ऑन संडेज’ म्हणजे दर रविवारी. ‘ऑन अ संडे’ म्हणजे कुठल्या तरी एका रविवारी. ‘ऑन द संडे आफ्टर आखाजी’ म्हणजे आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) त्याच रविवारी, दुसऱ्या नाही. चारही वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत. तुम्हाला कोणता रविवार सांगायचा आहे, तेवढं तुम्ही ठरवा.

‘अ’ की ‘ॲन’ यासाठी इंग्रजी स्पेलिंग बघत बसू नका. मराठी येणाऱ्याकडे याहून सोपी युक्ती आहे. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’, मग इंग्रजीत सुरुवातीला एच का असेना. ‘युनिव्हर्सिटी’ य ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-डे लीव्ह’ व ने, म्हणून ‘अ वन-डे लीव्ह’. ‘एट-अवर शिफ्ट’ स्वराने, म्हणून ‘ॲन एट-अवर शिफ्ट’. ‘एनओसी’ स्वराने, म्हणून ‘ॲन एनओसी’. हीच कसोटी ‘द’च्या उच्चारालाही लागते. ‘द’नंतर स्वर आला तर ‘दी’: ‘दी इव्हनिंग’, ‘दी आफ्टरनून’. नाहीतर ‘द’: ‘द मॉर्निंग’.

वर ‘वन-डे’, ‘एट-अवर’ असं लिहिलं, ‘एट-अवर्स’ नाही, याकडे लक्ष गेलं असेल. ‘तीन तासांचा पेपर’ म्हणजे ‘अ थ्री-अवर पेपर’. संख्या जोडून विशेषण झालं की अनेकवचनाचा एस जातो.

पायरी ४: ‘पासून’

‘मी २०२१ पासून पुण्यात आहे’ आणि ‘मी चार वर्षांपासून पुण्यात आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. ‘सिन्स फोर इयर्स’ आणि ‘फ्रॉम फोर इयर्स’ या दोन्ही चुका आपल्याकडे इतक्या रुळल्या आहेत की त्या चुका वाटतच नाहीत.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझं उत्तर कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतं का? २०२१, जून महिना, सोमवार, बारावी झाली तो दिवस, हे दाखवता येतं. तिथे ‘सिन्स’. चार वर्षं, सहा महिने, तीन दिवस, बराच काळ, यांवर बोट ठेवता येत नाही, ते मोजावं लागतं. तिथे ‘फॉर’.

दोन्हींबरोबर क्रियापदही बदलतं, आणि हे सांगितल्याशिवाय पायरी पुरी होत नाही. काम अजून चालू असेल तर ‘आय ॲम वर्किंग’ चालत नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग हियर सिन्स जून’. ‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर सिक्स मंथ्स’. काम संपलेलं असेल तर ‘फॉर’ राहतो, पण साधा भूतकाळ येतो. साने गुरुजींनी अमळनेरला सहा वर्षं शिकवलं: ‘ही टॉट इन अमळनेर फॉर सिक्स इयर्स’. आणि दोन टोकं सांगायची असतील तर ‘फ्रॉम’ आणि ‘टू’: ‘फ्रॉम १९२४ टू १९३०’. ‘फ्रॉम’ची खरी जागा ही आहे, ‘फॉर’ची जागा घेणं नव्हे.

‘सुट्टीत’, ‘पावसाळ्यात’ असं एखाद्या काळाचं नाव घेऊन सांगायचं तर ‘ड्युरिंग’. ‘ड्युरिंग द हॉलिडेज’. किती दिवस हे सांगायचं तर पुन्हा ‘फॉर’. ‘ड्युरिंग थ्री डेज’ म्हणत नाहीत.

पायरी ५: ‘पर्यंत’

या सगळ्यात नुकसान करणारी गफलत कोणती असं विचाराल तर मी ही सांगेन. ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ असं आपण लिहितो. आपल्याला म्हणायचं असतं की शुक्रवारपर्यंत कधीही द्या. इंग्रजीत ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ म्हणजे तोवर सतत चालू राहणं, आणि फॉर्म देणं ही सतत चालणारी गोष्ट नाही. त्यासाठी शब्द ‘बाय’: ‘सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे’.

रावेर-यावलकडचा एखादा केळीवाला दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोनवर काय सांगेल? ‘माल गुरुवारपर्यंत हिरवा राहील, आणि गाडी गुरुवारपर्यंत पोचेल.’ एका वाक्यात दोनदा ‘पर्यंत’. इंग्रजीत ते असं होतं: ‘द फ्रूट विल स्टे ग्रीन अंटिल थर्सडे, ॲन्ड द ट्रक विल रीच दिल्ली बाय थर्सडे.’ हिरवं राहणं ही अवस्था आहे, ती गुरुवार येईपर्यंत टिकते, म्हणून ‘अंटिल’. पोचणं ही एकदाच घडणारी गोष्ट, ती बुधवारी रात्री घडली तरी चालेल, म्हणून ‘बाय’. अदलाबदल करून बघा. ‘विल स्टे ग्रीन बाय थर्सडे’ याला अर्थच राहत नाही, आणि ‘विल रीच दिल्ली अंटिल थर्सडे’ ऐकून समोरचा पुन्हा विचारतो, म्हणजे नेमकी कधी?

मराठीतच कसोटी लावता येते. ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ बसलं तर ‘बाय’. ‘तोवर सतत’ बसलं तर ‘अंटिल’. शुक्रवारपर्यंत फी भरा: उशिरात उशिरा शुक्रवारी भरा, बसतं, म्हणून ‘बाय’. कचेरी पाचपर्यंत उघडी असते: तोवर सतत उघडी, बसतं, म्हणून ‘अंटिल’. वाक्य नकारार्थी असेल तर बहुधा ‘अंटिल’ येतो, कारण न होणं ही गोष्ट सतत चालू असते. दुकान दहापर्यंत उघडणार नाही: ‘द शॉप वोन्ट ओपन अंटिल टेन’.

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा का? साधारणपणे धरतात. पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत, हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून लिहितानाच वेळ घाला: ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’. रजेच्या अर्जात ‘अंटिल वेन्सडे’ लिहिलं तर बुधवारी येणार की गुरुवारी, असा प्रश्न साहेबाला पडतोच. तिथे परत येण्याचा दिवस लिहिणं उत्तम: ‘आय विल बी बॅक ऑन थर्सडे’.

पायरी ६: दोन तासांत, दोन तासांनी, दोन तासांपूर्वी

इथे एक फसवी जागा आहे. ‘इन टू अवर्स’ वाचलं की आपल्याला ‘दोन तासांत’ असं वाटतं, कारण ‘इन’ म्हणजे ‘त’ हे डोक्यात बसलेलं असतं. पण ‘आय विल कॉल यू इन टू अवर्स’ याचा अर्थ दोन तासांनी फोन करेन. ‘दोन तासांच्या आत’ म्हणायचं असेल तर ‘विदिन टू अवर्स’. कोणी ‘इन टू अवर्स’ म्हटलं आणि तुम्ही अर्ध्या तासापासून फोनकडे बघत बसलात, तर दोष त्याचा नाही. एखादं काम करायला किती वेळ लागला हे सांगताना मात्र ‘इन’ म्हणजे खरंच ‘त’: ‘शी फिनिश्ड द पेपर इन टू अवर्स’, तिने पेपर दोन तासांत संपवला. पुढे घडणारी गोष्ट असेल तर संदर्भ बघा, आणि शंका असेल तर विचारा.

‘दोन दिवसांनी येतो’चं आपण ‘आय विल कम आफ्टर टू डेज’ करतो. आजपासून पुढे मोजताना ‘इन टू डेज’ जास्त सहज आहे. ‘आफ्टर’ शोभतो तो घटनेपुढे: ‘आफ्टर दी एक्झाम’, ‘आफ्टर पोळा’.

मागे मोजताना ‘अगो’. दोन दिवसांपूर्वी म्हणजे ‘टू डेज अगो’. ‘बिफोर टू डेज’ हे मराठीचं शब्दशः रूप आहे आणि ते इंग्रजीत चालत नाही. ‘अगो’ नेहमी मागे येतो आणि नेहमी आजपासून मोजतो. मोजणी आजपासून नसेल, भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या दिवसापासून असेल, तर ‘बिफोर’: लग्नाच्या दोन दिवस आधी, ‘टू डेज बिफोर द वेडिंग’.

वेळेवर आणि वेळेत, ही जोडी मराठीतही आहे म्हणून सोपी. गाडी भुसावळला वेळेवर आली: ‘द ट्रेन अराइव्ह्ड ॲट भुसावळ ऑन टाइम’. आम्ही ती सुटायच्या आत स्टेशनवर पोचलो: ‘वी गॉट टू द स्टेशन इन टाइम’. तशीच ‘ॲट दी एंड’ आणि ‘इन दी एंड’. पहिल्याच्या मागे कशाचा तरी शेवट असतो, ‘ॲट दी एंड ऑफ द मंथ’. दुसरा म्हणजे ‘सरतेशेवटी’.

पायरी ७: साडे, सव्वा, पावणे

हे थोडक्यात, कारण मराठीची आणि इंग्रजीची मांडणी इथे बरीच जुळते. सव्वापाच ‘क्वार्टर पास्ट फाइव्ह’. साडेपाच ‘हाफ पास्ट फाइव्ह’. पावणेसहा ‘क्वार्टर टू सिक्स’. इंग्रजीही मराठीसारखा येणारा तास सांगते. दीड आणि अडीचला घड्याळात ‘हाफ पास्ट वन’, ‘हाफ पास्ट टू’. पण कालावधी असेल तर दीड तास म्हणजे ‘ॲन अवर ॲन्ड अ हाफ’, अडीच तास ‘टू ॲन्ड अ हाफ अवर्स’, अर्धा तास ‘हाफ ॲन अवर’. ब्रिटनमधल्या माणसाशी बोलत असाल आणि तो ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर त्याला साडेपाच म्हणायचे आहेत, साडेचार नाही.

सकाळसाठी ‘एएम’, दुपारी बारापासून पुढे ‘पीएम’. ‘एट एएम इन द मॉर्निंग’ म्हणू नका, सकाळ दोनदा होते. बारा वाजताचा घोळ टाळायला ‘ट्वेल्व्ह नून’ किंवा ‘ट्वेल्व्ह मिडनाइट’ लिहा. ऑनलाइन अर्जाची मुदत अनेकदा तिथेच संपते.

पायरी ८: एक अर्ज, ओळीओळीने

पुण्यात नोकरी करणारा अमळनेरकडचा मुलगा आखाजीला घरी जायला रजा मागतोय. पहिला मसुदा असा:

‘आय ॲम वर्किंग हियर सिन्स टू इयर्स. ऑन नेक्स्ट मंडे देअर इज आखाजी. आय विल स्टार्ट ऑन सॅटरडे इन द नाइट ॲन्ड रीच ऑन संडे इन मॉर्निंग. आय नीड द लीव्ह टिल वेन्सडे. आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे. आय टोल्ड माय टीम लीडर बिफोर टू डेज.’

साहेबाला यातलं बरंचसं कळेल. पण रजा बुधवारी संपते की गुरुवारी, आणि रिपोर्ट नेमका कधी मिळेल, हे कळणार नाही. आता एकेक ओळ घ्या. दोन वर्षं मोजावी लागतात, म्हणून ‘फॉर’, आणि काम चालू आहे म्हणून ‘हॅव बीन’. ‘नेक्स्ट’पुढचा ‘ऑन’ काढा आणि तारीख जोडा. प्रहराला वार जोडला आहे, म्हणून ‘इन’ गेला. रजेची दोन्ही टोकं सांगा. रिपोर्ट देणं एकदाच होणार, म्हणून ‘बाय’. मागे मोजतोय, म्हणून ‘अगो’. शुक्रवार कोणता हेही स्पष्ट हवं, आखाजीच्या आधीचा की नंतरचा.

‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टू इयर्स. आखाजी, ॲन इम्पॉर्टंट फेस्टिव्हल ऑफ अवर रीजन, इज नेक्स्ट मंडे, द ट्वेंटिएथ. आय विल स्टार्ट ऑन सॅटरडे नाइट ॲन्ड रीच होम ऑन संडे मॉर्निंग. आय नीड लीव्ह फ्रॉम मंडे टू वेन्सडे, ॲन्ड आय विल बी बॅक ॲट वर्क ऑन थर्सडे. आय विल सबमिट द रिपोर्ट बाय फाइव्ह पीएम धिस फ्रायडे, बिफोर आय लीव्ह. आय टोल्ड माय टीम लीडर टू डेज अगो.’

‘बाय फाइव्ह पीएम धिस फ्रायडे’ मध्ये ‘धिस’ आहे, म्हणून ‘ऑन’ नाही. ‘लीव्ह’ला ‘द’ नाही, कारण रजा मागतोय, ठरलेली एखादी विशिष्ट रजा नाही. आखाजीचं भाषांतर केलेलं नाही. नाव तसंच ठेवून चार शब्दांत ओळख दिली की पुरे.

आता तुम्ही करा

खालची वाक्यं आधी मोठ्याने इंग्रजीत म्हणा, मग उत्तरं बघा.

आम्ही केळीची मृग बाग जूनमध्ये लावतो आणि कांदे बाग ऑक्टोबरमध्ये. माझा भाऊ तीन महिन्यांपासून सुरतेला आहे. काल रात्री लाइट नव्हती. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. मी अर्ध्या तासाने फोन करते. मंगळवारपर्यंत पैसे भरा. मंगळवारपर्यंत मी धुळ्यातच आहे. आमची आठवड्यातून दोनदा मीटिंग असते. परवा निकाल लागला.

जून आणि ऑक्टोबर हे महिने, दोन्हीकडे ‘इन’, आणि ‘द’ कुठेच नाही. तीन महिने मोजावे लागतात: ‘ही हॅज बीन इन सुरत फॉर थ्री मंथ्स’. काल रात्री ‘लास्ट नाइट’, त्याच्या पुढे काही नाही: ‘देअर वॉज नो पॉवर लास्ट नाइट’. पूर्ण तारीख आहे, म्हणून ‘ऑन’, आणि वाचताना ‘ऑन द थर्ड ऑफ डिसेंबर’. अर्ध्या तासाने ‘इन हाफ ॲन अवर’. पैसे भरायचे ‘बाय ट्यूसडे’, धुळ्यात राहायचं ‘अंटिल ट्यूसडे’. मीटिंग ‘ट्वाइस अ वीक’. निकाल लागून गेला आहे, म्हणून ‘द डे बिफोर यस्टर्डे’: ‘द रिझल्ट केम आउट द डे बिफोर यस्टर्डे’.